कंधारकर काकूंची तक्रारवही

माझ्या सहीवर बँकेनं विश्वास ठेवला, सरकारनं ठेवला, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर ती पाहून शाळेनंही ठेवला. कंधारकर काकूंनी कधीच ठेवला नाही. तेव्हा मला याचा राग यायचा. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, की त्यांचंच बरोबर होतं.

बायकोची पुण्याहून हैद्राबादला बदली झाली, मी तिच्या मागोमाग आलो आणि काहीतरी करायला हवं म्हणून काचीगुड्यात एका फोटो फ्रेमवाल्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते आणि जो तो कॉम्प्युटर शिकून त्यातून बाहेर पडायच्या घाईत होता. माझ्याकडे चार मशीन होती, एक एसी होता आणि धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायची सक्ती होती. मला स्वतःला विद्यार्थ्यांपेक्षा एक धडा जास्त येत होता. तेवढ्यावर माझं ‘सर’पण टिकून होतं.

एका दुपारी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय पन्नाशीच्या पुढे, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चष्मा पडू नये म्हणून त्याला मागून बांधलेली काळी दोरी. त्यांनी कोर्स विचारला नाही, वेळ विचारली नाही. चपला काढून आत आल्या, क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या आणि तीन नंबरच्या मशीनकडे बोट करून म्हणाल्या, “ह्याचा पंखा रडू लागलाय सर. ऐकू येत नाही का तुम्हाला?”

मला खरोखरच ऐकू येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, झाकण उघडलं, पंख्यात अडकलेली वायर बाजूला केली आणि झाकण लावलं. मग नाव सांगितलं. निर्मला कंधारकर. राहणार अंबरपेठ. कंधार आजोबांनीच सोडलेलं, ते निजामाच्या नोकरीत इकडे आले ते इकडचेच झाले. स्वतः काकूंनी सव्वीस वर्षं एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात टीव्हीच्या सर्किटांना डाग दिले होते. म्हणजे सोल्डरिंग. बाजारात परदेशी टीव्ही आले, कारखान्याच्या निम्म्या लाइनी बंद पडल्या आणि काकूंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली.

“गोल्डन शेकहँड म्हणे,” काकू म्हणाल्या. “इच्छा त्यांची, हात आमचे.”

माझ्याकडे त्या शिकायला आल्या होत्या, पण काय शिकायला ते त्यांनाही ठाऊक नसावं. टायपिंगचे दोन धडे त्यांनी कंटाळून सोडून दिले. त्यानंतर दोन ते चार या वेळेत, जेव्हा बॅच नसायची, तेव्हा त्या यायच्या आणि कुठलं ना कुठलं मशीन उघडून बसायच्या. मी बसू दिलं. आमची मशीन पहिल्यांदाच सुरळीत चालू लागली होती.

पिशवीत त्यांची एक लांबोडकी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असे. तिचं नाव तक्रारवही. तिच्यात पट्टीनं आखलेले रकाने होते: तारीख, तक्रार, जुना आकडा, नवा आकडा, दुरुस्ती, आणि सगळ्यांत शेवटी ‘तपासले’. कारखान्यातली शिस्त होती ती. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी बघायचं, खात्री करायची आणि सही करायची. कारखाना सुटला तरी काकूंची ही शिस्त सुटली नव्हती. मात्र आता त्यांचं काम तपासणार कोण? तर मी. त्या रोज वही पुढे सरकवून म्हणायच्या, “सर, बघा अन् सही करा.” मी सही करायचो.

त्याच वेळेला आमच्याकडे खलीलभाई यायचे. सुलतान बाजारच्या एका गल्लीत त्यांचं बोळाएवढं दुकान होतं. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचे. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, पाच वेळा नमाज पढणारा हा सज्जन माणूस विमानांच्या लढाईच्या गेमपायी पार वेडा झाला होता. दुकानात खुर्चीलाही जागा नव्हती, म्हणून माझ्याकडे येऊन खेळायचा. फ्लॉप्या त्याच्या, जॉयस्टिक त्याची, मशीन माझं.

एकदा त्यांनी कुठूनसा एक नवा गेम मिळवला आणि तो सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ यायची, मेमरी अपुरी.

“सर, मशीन में आठ एमबी है,” खलीलभाई कळवळून म्हणाले. “ये चार मांग रा. फिर कायकू रोता?”

मी गंभीर चेहरा करून नवीन मशीन घ्यावं लागेल असं सांगितलं. क्लासवाल्याला काही कळेनासं झालं की तो हेच सांगतो. काकू मात्र शब्दकोश शेजारी ठेवून तीन दुपारी माझं मॅन्युअल वाचत बसल्या. चौथ्या दुपारी म्हणाल्या, “जागा पुष्कळ आहे हो सर. पण ह्या खेळाला पुढच्याच खोलीत बसायचंय, अन् तिथं माउसवाला, सीडीवाला, आवाजवाला, सगळे पाय पसरून बसलेत. त्यान्ला एकेक करून माडीवर धाडायचं.”

आणि त्यांनी धाडलं. मशीन सुरू होताना वाचतं त्या फाइलीतली एक ओळ बदलायची, मशीन बंद करून चालू करायचं, बघायचं, वहीत लिहायचं. मग दुसरी ओळ. मी म्हणालो, “काकू, सगळ्या एकदमच बदला ना!” त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू शोधायला गेलो.

“पाच गोष्टी एकदम बदलल्या अन् चालू झालं,” त्या म्हणाल्या, “तर कशानं झालं हे कुणाला विचारायचं? एका टायमाला एकच.”

सातव्या खेपेला विमान धावपट्टीवर उभं राहिलं. खलीलभाईंनी खुर्चीत उडीच मारली. काकूंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या वहीत आकडे लिहीत होत्या. “सर, सही.” मी केली.

पुढे कधीतरी खलीलभाईंची जॉयस्टिक बिघडली. काकूंनी ती उघडली, साफ केली, तारा पुन्हा जोडल्या आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी नेहमीप्रमाणे सही ठोकली. खलीलभाई बसले, विमान पळवलं, उचलायला काठी मागे ओढली आणि विमान नाक खाली करून जमिनीत घुसलं. पुन्हा केलं. पुन्हा घुसलं. काकू शांतपणे म्हणाल्या, “दोन तारा मीच मुद्दाम उलट्या लावल्यात. वर ते खाली, खाली ते वर. बघितलं असतं तर सापडलं असतं. सही आहे की सरांची.”

खलीलभाई इतके हसले की खालून फ्रेमवाला वर बघायला आला. मी आठवडाभर काकूंशी मोजकंच बोललो. त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, पण त्या दिवसापासून ‘तपासले’चा रकाना रिकामा राहू लागला. वही माझ्यापुढे येणं बंद झालं. काकूंचं काम तपासणारं आता कुणी नव्हतं, आणि हे त्यांना किती लागलं होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं.

तारा सरळ केल्यावर काकूंनी ती काठी जरा वेळ हातात धरून ठेवली होती. इकडे तिकडे हलवून पाहिली आणि खलीलभाईंना विचारलं, “ही धरायला किती जोर लागतो हो? कमी जोर असला हाताला, तर जमतं?”

“किसके हाथ को, काकू?”

तेव्हा कुठे आम्हाला कळलं. काकूंचे यजमान प्रभाकरराव तीस वर्षं बेगमपेठ विमानतळावर, एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. विमानातली सगळी घड्याळं त्यांच्या ताब्यात. उंचीचं, वेगाचं, तेलाचं. त्यांनी तपासून सही केल्याशिवाय विमान हलायचं नाही. स्वतः मात्र एकदाही वर गेले नव्हते. “माझं काम खालचं” म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हातात अजून जीव आहे, पण तो वापरला पाहिजे. नाही वापरला तर वर्षभरात कायमचा जाईल. वर्षातले पाच महिने होऊन गेले होते.

“दाबायला रबराचा चेंडू दिला डॉक्टरनं,” काकू म्हणाल्या. “लेकराला देतात तसा. तीस वर्षं विमानं पास केलेला माणूस हो. चेंडू हातात ठेवला की सोडून देतात. भिंतीकडं तोंड करून बसतात दिवसभर. मी कामून जीव खाऊ त्यांचा? हात खराब नाही त्यांचा, सर. मन उठून गेलंय.”

मी माझं सगळ्यांत जुनं, चार नंबरचं मशीन त्यांना घरी न्यायला सांगितलं. फार मोठं मन होतं अशातला भाग नाही. त्याचा मॉनिटर हिरवट दिसायचा आणि विद्यार्थी त्याच्यावर बसायला तयार नसायचे. खलीलभाईंनी मात्र आपली एकुलती एक जॉयस्टिक दिली, आणि हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम नोंदवून ठेवतो.

अंबरपेठेतलं काकूंचं घर दोन खोल्यांचं, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आम्ही रविवारी सकाळी रिक्षातून मशीन घेऊन गेलो. काका पलंगावर बसले होते, पाठ आमच्याकडे. सडसडीत बांधा, नीट विंचरलेले केस, मांडीवर ठेवून दिलेला उजवा हात. काकूंनी काठीची स्प्रिंग आधीच सैल केली होती आणि मुठीला जुन्या मऊ साडीच्या पट्ट्या गुंडाळून ती जाड केली होती. गेम सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला शत्रूची विमानं आली, बंदुका धडधडल्या. काकांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मला वाटलं, संपलं. काकूंनी वही काढली आणि लिहिलं, “तक्रार: पाहत नाहीत.”

नवरा पाहत नाही ही त्यांच्या लेखी मशीनची तक्रार होती, आणि मशीनची तक्रार म्हणजे ती दूर होणारच. पुढचे दोन महिने त्या गेमच्या पोटात शिरून बसल्या. गेमच्या फायली आकड्यांच्या रूपात उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम खलीलभाईंनी मिळवून दिला. कुठला आकडा कशाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकू एक आकडा बदलायच्या, गेम चालू करायच्या, काय बदललं ते बघायच्या, जुना आकडा परत घालायच्या, वहीत लिहायच्या. एका आकड्यानं विमान लाल झालं. एकानं आकाश खाली आलं. एकानं मशीनच बसलं. पण असं करत करत त्यांना आधी बंदुका सापडल्या. जुना आकडा आठ, नवा आकडा शून्य. मग शत्रू सापडले. तेही शून्य.

खलीलभाईंना हे फार लागलं. “बंदूकां निकाले, दुश्मन निकाले. लडनाइच नै तो गेम कायकू, काकू?”

“उडायला,” काकू म्हणाल्या.

काका बघत नव्हतेच. काकूंनी पुढची तक्रार लिहिली: “गाव परकं.” गेममध्ये कुठल्याशा परदेशी समुद्राचा किनारा होता. नकाशाच्या फाइलमध्ये जमीन चौकोनांची केलेली होती, एकेका चौकोनाला एकेक आकडा. पाणी, शेत, घरं, रस्ता. काकूंनी हैद्राबादचा नकाशा भिंतीला चिकटवला आणि चौकोन चौकोन करत बेगमपेठ बसवायला घेतलं. धावपट्टी पूर्व-पश्चिम. दक्षिणेला हुसेनसागर. पलीकडे सिकंदराबाद, रेल्वेचे रूळ.

“हुसेनसागर चौकोनी कैसा होता?” खलीलभाईंनी शंका काढली.

“आमच्यात तसाच असतो,” काकू म्हणाल्या.

मी थट्टेत सामील व्हायचो, पण खरं सांगतो, मला त्या बाईची भीती वाटायला लागली होती. सातवा महिना संपत आला होता. एवढं करून काका भिंतीकडेच पाहत राहिले तर काकूंचं काय होईल, हा विचार मी टाळत होतो. एकदा त्यांनाच विचारलं. त्या डाग देत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “सर, तक्रार सापडत नाही म्हणजे तक्रार नाही असं नसतं. आपण बरोबर ठिकाणी बघत नाही.”

काकांच्या सवयींबद्दल त्या अशाच काम करता करता बोलायच्या. उंचीच्या घड्याळाचा काटा कधी कधी अडकून बसतो. म्हणून वाचण्याआधी काचेवर बोटानं टकटक करायचं, मग काटा मोकळा होतो आणि खरं सांगतो. काकांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की घरातलं भिंतीवरचं घड्याळ, किराणावाल्याचा वजनकाटा, ताप मोजायचा थर्मामीटर, कशालाही टकटक केल्याशिवाय ते वाचायचे नाहीत. “लग्नात मी मनगटी घड्याळ घातलं होतं,” काकू म्हणाल्या. “अंतरपाट खाली झाला अन् ह्यांनी माझा हात धरून घड्याळावर टकटक केली. सगळ्या बायका हसू लागल्या. मी म्हटलं, देवा, कुठं दिलं मला!” सांगताना त्या लाजल्या. काकू लाजतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

बेगमपेठ तयार झालं त्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी, खलीलभाई, काकू, असे आम्ही मशीनभोवती बसलो. काकूंनी विमान धावपट्टीवर उभं केलं आणि पलंगाकडे न बघता, नुसतंच म्हणाल्या, “अहो, बेगमपेठ आहे.”

बराच वेळ काही झालं नाही. मग काका वळले. डाव्या हातानं पलंगाची कड धरून उठले, पाय ओढत आले आणि काकूंच्या खुर्चीमागे उभे राहिले. धावपट्टी पाहिली. चौकोनी हुसेनसागर पाहिला. पडद्याच्या खालच्या भागात विमानाची घड्याळं चितारलेली होती, ती डावीकडून उजवीकडे एकेक करून पाहिली. एका घड्याळावर नजर थांबली. कपाळाला आठी पडली.

आणि त्यांचा उजवा हात वर आला. खांद्यातून, थरथरत, फार हळू. तो हात सात महिने मांडीवरून हलला नव्हता. त्यांनी पडद्याच्या काचेवर, उंचीच्या घड्याळावर, वाकड्या बोटानं टकटक केली.

काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा टकटक केली.

काकूंचं सगळं लक्ष त्या बोटाकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्या हात उचलत नव्हत्या. शेवटी हात खाली आला आणि काकांनी मान जोरात हलवली. नाही, नाही. त्यांना राग आला होता. काकूंनी घाईनं तक्रारवही उघडून पुढे धरली. पेन्सिल काकांनी डाव्या हातात घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरात, बरोबर रकान्यात, आकडे लिहिले. जुना आकडा, 0. नवा आकडा, 1740.

पहिल्यांदा मलाही कळलं नाही. काकूंना कळलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बेगमपेठ समुद्राच्या पातळीपासून सतराशे चाळीस फूट उंचावर आहे. तिथं उभ्या असलेल्या विमानाचं उंचीचं घड्याळ तेवढं दाखवणारच. गेममधली जमीन समुद्रकाठची होती, उंची शून्य. काकूंनी तिच्यावर हैद्राबाद मांडलं होतं, पण ते वर उचलायचं राहून गेलं होतं. तीस वर्षं रोज सकाळी सतराशे चाळीस वाचून सही केलेल्या माणसाला शून्य दिसल्यावर त्यानं काय समजावं? काटा अडकलाय.

“ह्यांनी तक्रार लिहिली,” काकू म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “सर, ह्यांनी तक्रार लिहिली.” मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. खलीलभाईंनी रुमाल काढला. मी खिडकीतून बाजार बघत राहिलो.

त्या आठवड्यात काकूंच्या हातून आणखी एक चूक झाली, आणि ती घाईची होती. नकाशात प्रत्येक चौकोनाच्या उंचीचा आकडा असतो हे त्यांनी शोधून काढलं आणि धावपट्टीचा चौकोन सतराशे चाळीस फूट वर उचलला. फक्त धावपट्टीचा. काकांना बसवलं, साडीच्या पट्ट्यांची मूठ त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी काचेवर टकटक केली. काटा सतराशे चाळीसवर. मान डोलली. विमान पळू लागलं, पण उचलायचा जोर काही हाताला झाला नाही. धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि टेबलाच्या कडेवरून वाटी पडावी तसं पडलं. खाली, फार खाली, हुसेनसागर.

काका हसले. तोंड एका बाजूला ओढत, घोगरं, छातीतून आलेलं हसू. थांबेचना. काकू आधी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या. सात महिन्यांत त्या घरात आलेला तो काकांचा पहिला आवाज होता. हे सगळं मी पाहिलेलं नाही, काकूंनी दुसऱ्या दिवशी क्लासवर येऊन सांगितलं. सांगता सांगता त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

मग त्यांनी सगळं हैद्राबाद वर उचललं. एकेक चौकोन, जुना आकडा, नवा आकडा. सिकंदराबाद, रूळ, हुसेनसागर, पाणीसुद्धा. तीन आठवडे लागले, एक अख्खी वही भरली. खलीलभाई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, “हमारे काकू शहर उठा रे, थोडा हल्लू चलो.”

काकांना विमान उतरवणं काही जमलं नाही. दर वेळी आपटायचे. पण रोज सकाळी चहानंतर आणि दुपारी चार वाजता बसायचे. काठी धरायचे, वळवायचे, चौकोनी हुसेनसागराला वळसा घालायचे. महिन्याभरानं काकूंनी स्प्रिंग थोडी ताणली, त्यांना न सांगता. पुढच्या महिन्यात आणखी थोडी. मुठीवरची एकेक पट्टी सोडवत गेल्या. एका टायमाला एकच. डॉक्टरांनी चेंडूचं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “चेंडू कपाटात आहे. हे विमान चालवतात.”

दरम्यान काकूंचं नाव पार सुलतान बाजारापर्यंत गेलं होतं. चालू न होणारे गेम, न बोलणारी साउंड कार्डं, एकीकडेच ओढणाऱ्या जॉयस्टिक, असं काय काय खलीलभाई अंबरपेठेला धाडायचे. शहरात नवी ऑफिसं निघत होती, घरोघरी मशीन येत होती आणि त्यांच्यातली निम्मी बिघडत होती. काकू क्लासवर यायच्या बंद झाल्या. तीन नंबरचा पंखा पुन्हा रडू लागला, आणि आता तो मला ऐकू येत होता.

मग बायकोची पुन्हा बदली झाली. मी क्लास बंद केला, मशीन देऊन टाकली आणि निरोप घ्यायला अंबरपेठेला गेलो. दारावर एक लहानशी नवी पाटी दिसली. वर ‘कंधारकर’ आणि खाली ‘दुरुस्ती व तपासणी’.

आत काका टेबलाशी बसले होते, तोंड दाराकडे. मला पाहून त्यांनी “या” असं म्हटलं. शब्द जाड होता, पण शब्द होता. काकू कुणाचीतरी जॉयस्टिक उघडून बसल्या होत्या. मी म्हणालो, चार नंबरचं मशीन आता तुमच्याकडेच राहू द्या.

“असं तोंडी नाही चालायचं,” काकू म्हणाल्या आणि वही उघडली. मशीन क्रमांक चार, सरांकडून आलं, इथेच राहणार. मॉनिटरचा रंग दुरुस्त. चालू स्थितीत. दुरुस्तीच्या रकान्यात सही केली आणि वही माझ्याकडे नाही, काकांकडे सरकवली.

काकांनी लगेच सही केली नाही. त्यांनी मशीन सुरू केलं. विमान बेगमपेठला उभं राहीपर्यंत थांबले. काठी चारही बाजूंना फिरवून पाहिली, वर ते वर, खाली ते खाली. मग उजव्या हाताचं बोट पुढे करून काचेवर टकटक केली, चष्मा सावरला, काटा वाचला. ओठ हलले. आणि साडीची एक पट्टी गुंडाळलेलं पेन उजव्या हातात घेऊन ते ‘तपासले’च्या रकान्यात सही करू लागले. ‘प्र’ झाला. हात घसरला. पुन्हा जागेवर आणला. पुढचं अक्षर यायला इतका वेळ लागला, की माझाच हात पुढे जायला बघत होता. काकू मात्र हाताची घडी घालून स्वस्थ उभ्या होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती.

सही पुरी झाली. काकूंनी ती वाकून नीट पाहिली, वही बंद केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या,

“बघितलं सर? सही अशी करत असतात.”